स्टेडियम दणाणतं तेव्हा लाइनमधले पाच जण काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पेन स्टेटला एमएस करतोय, त्याच्याबरोबर बीव्हर स्टेडियममध्ये कॉलेज फुटबॉलचा रात्रीचा सामना पाहिला. चेंडू कोणाकडे गेला एवढं कळलं. पण मधली पाच धिप्पाड पोरं दर वेळी नुसतीच धडकतात, की त्यात काही ठरलेलं असतं? आणि जिथे शेजारच्याचं बोलणं कानात शिरत नव्हतं, तिथे खेळाडूंना एकमेकांचं ऐकू कसं येतं?

ऐकू येत नाही. तिथूनच सुरुवात करतो, कारण ब्लॉकिंग (समोरच्याला अंगाने अडवणं) ज्या एका गोष्टीवर उभं आहे, नेमकी तीच गोष्ट गोंगाट हिरावून घेतो.

ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना, म्हणजे ऑफेन्सला, एक गोष्ट आधीपासून ठाऊक असते: चेंडू कधी हलणार. समोरच्या डिफेन्सला ते चेंडू हलल्यावरच कळतं. फरक पापणी लवण्याइतकाच आहे. पण १४० किलोचा लाइनमन त्याच्यापेक्षा २०-२५ किलोने हलक्या आणि दुप्पट चपळ माणसाला अडवतो, तो एवढ्याशा आघाडीच्या जोरावर. घरच्या प्रेक्षकांनी ती आघाडी पुसून टाकली की तोच लाइनमन अचानक अवजड आणि मंद दिसायला लागतो. टीव्हीवर समालोचक म्हणतात, ‘आज त्यांची लाइन ढिली पडली.’ बहुतेक वेळा लाइन ढिली पडलेली नसते, उशिरा निघालेली असते.

आधी माणसं ओळखून घ्या. मधोमध वाकून चेंडू मागे देतो तो सेंटर; हे मागे देणं म्हणजे स्नॅप, आणि तो चेंडू घेऊन खेळ चालवतो तो क्वार्टरबॅक. सेंटरच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. (नाव फसवं आहे. हा टॅकल कोणाला टॅकल करत नाही, म्हणजे धरून पाडत नाही, टॅकल करायला येणाऱ्याला अडवतो.) कडेला बहुधा एक टाइट एंड असतो, तो ब्लॉकही करतो आणि पासही झेलतो. शेजारशेजारच्या दोघांच्या पायांत साधारण दोन फुटांचं अंतर असतं, आणि ते विचार करून ठरवलेलं असतं. अंतर वाढवलं की डिफेन्सलाही पसरावं लागतं, कडेने येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंत लांबचा वळसा पडतो; पण मधल्या फटी उघड्या पडतात. माइक लीच यांच्या टेक्सास टेकच्या संघांनी हे अंतर मुद्दाम तीन फुटांच्या वर नेलं, कारण ते बहुतेक वेळा पासच खेळायचे. धावून खेळणाऱ्यांना एवढी फट परवडत नाही.

आता एकच ब्लॉक जवळून पाहू. उजवा गार्ड घ्या. पवित्रा: पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, उजवा पाय थोडा मागे, त्याचा अंगठा डाव्या पावलाच्या मध्याच्या रेषेत. हात जमिनीला टेकलेला असेल तर त्यावर भार बेताचाच. भार जास्त पडला की बोटांची टोकं पांढरी पडतात आणि समोरचा ओळखतो, हा पुढे येणार, धावेचा खेळ आहे. बोटं नुसतीच टेकलेली दिसली की हा मागे सरकणार, म्हणजे पास. चांगले डिफेन्सिव्ह लाइनमन सबंध सामनाभर ही बोटं वाचत असतात, म्हणून प्रशिक्षक दोन्ही खेळांना एकच पवित्रा घ्यायला लावतात आणि त्यासाठी पोरांच्या कानीकपाळी ओरडत राहतात.

स्नॅप झाला की पहिलं पाऊल सहा इंचांचं, त्याहून मोठं नाही. नवखा इथेच चुकतो. जोरात आदळायचं म्हणून फूट-दीड फुटाची ढांग टाकतो आणि टक्कर होते तेव्हा त्याचा एक पाय हवेत असतो. एका पायावरचा १४० किलोचा माणूस उलथवायला ११० किलोच्या माणसाला काही कष्ट पडत नाहीत. टक्कर व्हायच्या आत दुसरं पाऊल जमिनीला लागलं पाहिजे. ब्लॉकिंगमधली ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. स्नॅपची वेळ आधी माहीत असण्याचा फायदाही इथेच वसूल होतो. अर्धा ठोका आधी निघालेल्याची दोन पावलं पडून जातात, उशिरा निघालेल्याचं एकच पडतं.

मग हात. दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, काखांच्या आतल्या बाजूला, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना लागून. कोपरं फाकली की जोर खांद्यातून निसटतो आणि तळवे आपोआप समोरच्याच्या खांद्याबाहेर घसरतात. तिथे जर्सी मुठीत आली आणि तो माणूस वळताना दिसला की पिवळं फडकं पडलंच: होल्डिंग, दहा यार्ड मागे. छातीच्या आतल्या भागात जर्सी मुठीत धरली आणि समोरचा सरळच राहिला, तर पंच सहसा शिट्टी वाजवत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. शेवटी कंबर: हातांनी पकड घ्यायची, पण रेटा कमरेतून द्यायचा, आणि पाय थांबवायचे नाहीत. आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्याची कंबर खाली, त्याचा जोर वर. डोकं आधी घालून धडकणं पूर्वी सर्रास चालायचं, आता शिकवत नाहीत, आणि नाही शिकवत तेच बरं.

पण एकाने एकाला अडवणं हा या खेळाचा छोटा भाग झाला. खरी गंमत दोघांनी मिळून करायच्या ब्लॉकमध्ये आहे.

धावेचे खेळ ढोबळमानाने दोन घराण्यांचे. पहिलं झोन. यात पाचही जण पहिलं पाऊल एकाच दिशेला टाकतात, समजा उजवीकडे. ज्याच्या नाकासमोर कोणी उभा आहे त्याने तो घ्यायचा. ज्याच्यासमोर कोणी नाही त्याने शेजाऱ्याला मदत करायची आणि मग लाइनबॅकरवर, म्हणजे डिफेन्सच्या लाइनच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर, जायचं. सेंटर आणि उजवा गार्ड मिळून समोरच्या डिफेन्सच्या जाड्या टॅकलला (त्यांच्या मधल्या माणसांनाही टॅकलच म्हणतात) रेटतायत असं समजा. दोघांच्या कमरा एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. मधे फट राहिली तर तो जाड्या खांदा तिरका करून त्यातून निघतो आणि ब्लॉकच फुटतो. प्रशिक्षकांचं घोषवाक्य आहे: चार हात टॅकलवर, चार डोळे लाइनबॅकरवर. लाइनबॅकर बाहेरच्या बाजूने आला तर गार्ड सुटून त्याच्यावर जातो, जाड्या सेंटरकडे राहतो. आतून आला तर उलट. कोण सुटणार हे आधी ठरलेलंच नसतं, लाइनबॅकर ते ठरवतो. इथे सगळ्यात महागात पडते ती घाई. लवकर सुटलं की तो जाड्या मोकळा होऊन चेंडूवाल्याला लाइनच्या मागेच धरतो. सुटायला उशीर झाला तर निदान दोन यार्ड मिळतात. घाई केली तर दोन यार्ड जातात. म्हणून शंका असेल तर चिकटून राहा, हे माझं सरळ मत.

दुसरं घराणं गॅपचं. त्यातला सगळ्यात ओळखीचा खेळ पॉवर. धाव उजवीकडे असेल तर उजव्या बाजूचे लाइनमन आपल्या आतल्या बाजूच्या माणसाला तिरके ढकलतात, फुलबॅक (चेंडूवाल्याच्या पुढे धावून वाट करणारा) कडेच्या माणसाला बाहेर हुसकतो, आणि डावा गार्ड लाइनमधून निघून, आपल्याच सवंगड्यांच्या पाठींना घासत, त्या पडलेल्या खिंडीतून आत घुसतो आणि लाइनबॅकरला गाठतो. याला पुल म्हणतात. हे धावणं बघायला फार सुंदर असतं. गार्डने लाइनपासून लांब, खोल वळसा घेतला की चूक झाली. चेंडूवाला त्याला मागून गाठतो आणि दोघं एकमेकांच्या पायात येतात. काउंटरमध्ये याच्या पुढची पायरी आहे: मागच्या बाजूचे दोघं निघतात, पहिला कडेच्याला हुसकतो, दुसरा आत शिरतो. नेब्रास्का विद्यापीठाने १९८०च्या दशकात हा खेळ गाजवला आणि व्यावसायिक लीगमध्ये वॉशिंग्टनच्या जो गिब्स यांनी तो उचलला. कॉलेजातून वर गेलेल्या कल्पना कमी नाहीत, लोक उलटं समजतात.

पुलचा गोंगाटाशी थेट संबंध आहे. गार्ड निघून गेला की त्याची जागा रिकामी पडते, आणि ती सेंटरने मागे तिरकं जाऊन भरायची असते. सेंटरला आधी चेंडू मागे द्यायचा असतो, म्हणजे त्याचा एक हात अडकलेला. त्यात तो अर्धा ठोका उशिरा हलला तर समोरचा माणूस निघालेल्या गार्डच्या मागोमाग त्या भोकातून आत येतो आणि खेळ लाइनमागेच मरतो. परक्या मैदानावर पहिल्यांदा गळतं ते इथे. कानठळ्या बसवणाऱ्या मैदानात पाहुण्यांनी पुलचे खेळ कमी केलेले दिसले तर त्याचं कारण हे असू शकतं.

कमरेखालच्या ब्लॉकचाही उल्लेख केला पाहिजे, कारण जुने चाहते यावर तावातावाने भांडतात. पायांवर झेप टाकून समोरच्याला पाडणं हे लहान चणीच्या लाइनचं हत्यार. एकाने वरून धरलेला असताना दुसऱ्याने खालून पाय तोडणं याला चॉप ब्लॉक म्हणतात. तो बेकायदा आहे आणि १५ यार्डांचा आहे. २०२२पासून कॉलेजच्या नियमात लाइनच्या मधल्या चौकटीबाहेर कमरेखाली ब्लॉक करायलाच बंदी आली. त्याचा फटका आर्मी, नेव्हीसारख्या संघांना बसला. त्यांचा ऑप्शनचा खेळ (चेंडू स्वतः पळवायचा की दुसऱ्याला द्यायचा हे क्वार्टरबॅक धावता धावता ठरवतो) कडेच्या या खालच्या ब्लॉकवर चालायचा. आर्मीने २०२३मध्ये क्वार्टरबॅकला मागे उभं करून पाहिलं, ते फारसं रुचलं नाही, २०२४मध्ये पुन्हा तो सेंटरच्या पाठीशी आणला, आणि त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळणारा जो मूर पुरस्कार आर्मीच्या लाइनला मिळाला. हा पुरस्कार एका खेळाडूला न देता अख्ख्या लाइनला देतात, ते योग्यच आहे.

आता पास. इथे लाइनमनला पुढे जायचं नसतं, मागे सरकत क्वार्टरबॅकभोवती कडं करायचं असतं. टॅकलचं काम सगळ्यात अवघड, कारण कडेने येणारा एज रशर लीगमधला सर्वांत वेगवान मोठा माणूस असतो. टॅकल बाहेरचा पाय मागे सरकवतो, आतल्या पायाने ढकलतो, दोन्ही पाय जमिनीपासून जेमतेम उचलत. दोन्ही पाय एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत, एकमेकांवरून तर मुळीच जाऊ द्यायचे नाहीत. खांदे लाइनला समांतर ठेवायचे. बाहेर वळला की आतला दरवाजा उघडला. आणि हात योग्य क्षणी टाकायचे. लवकर टाकले तर रशर ते झटकतो, उशिरा टाकले तर तो आधीच छातीत शिरलेला असतो.

शिवाय कोण कोणाला घेणार हे स्नॅपच्या आधी ठरावं लागतं. सेंटर किंवा क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे बोट दाखवून त्याचा नंबर ओरडतो: ‘माइक बावन्न!’ माइक हे मधल्या लाइनबॅकरचं नाव, म्हणजे आपला हिशोब बावन्न नंबरपासून. मग तिघं एका बाजूला सरकणार, दोघं समोरचा माणूस धरणार, उरलेला ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारा जादाचा माणूस) रनिंगबॅकने, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्याने, उचलायचा, वगैरे. ही वाटणी सेंटरकडून गार्डकडे, गार्डकडून टॅकलकडे तोंडी जाते. डावीकडे-उजवीकडे यासाठी सांकेतिक शब्द असतात. उजवीकडे ‘रिप’, डावीकडे ‘लिझ’ हे फार प्रचारात आहेत. शांत मैदानावर ठीक. पण गोंगाटात व्यंजनं आधी बुडतात, स्वर उरतो, आणि या दोन्ही शब्दांत स्वर एकच. दोन्हीकडून कानावर ‘इ’ तेवढा पडतो. ज्या संघांना डोकं असतं ते अशा मैदानावर जाताना शब्द बदलतात किंवा ठोसा, थाप, मांडीवर हात यांवर येतात.

एवढं समजलं की सायलेंट काउंट समजायला सोपा. नेहमीच्या परिस्थितीत क्वार्टरबॅक ओरडून किंवा टाळी वाजवून स्नॅप मागतो, आणि तो आवाज कितव्यांदा आला की चेंडू हलणार हे लाइनला माहीत असतं. गोंगाटात तो आवाज मरतो. मग बहुतेक संघ असं करतात: क्वार्टरबॅक सेंटरच्या साधारण पाच यार्ड मागे उभा. एक गार्ड मान वळवून मागे त्याच्याकडे बघत राहतो. क्वार्टरबॅकची पाहणी झाली की तो एक पाय उचलून टेकवतो. गार्ड ते बघतो आणि सेंटरच्या मांडीवर थाप मारतो. सेंटर डोकं वर करतो, समोर बघतो, मनात ‘एक’ म्हणतो, आणि चेंडू जातो. टॅकल या सगळ्यात काही ऐकत नाहीत, ते सेंटरचं डोकं किंवा चेंडू डोळ्याच्या कोपऱ्यातून धरून असतात.

पद्धत चांगली आहे, पण ती चार ठिकाणी फुटते. पहिलं, ज्या गार्डची मान मागे आहे त्याला समोर काय बदललं ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. डिफेन्सने नेमका तेव्हाच माणूस हलवला की गार्ड मान फिरवतो तोवर तो माणूस अंगावर. दुसरं, टॅकलचे डोळे आत वळलेले असतात आणि त्याचा शत्रू बाहेर असतो. रशरही चेंडूच बघतोय, टॅकलही चेंडूच बघतोय: आघाडी संपली, बरोबरी झाली, आणि बरोबरीत चपळ माणूस जिंकतो. तिसरं, ताल. सेंटरचं डोकं वर आणि बरोबर एका ठोक्याने चेंडू, असं पाच-सहा वेळा झालं की समोरचे डोकं वर होताच निघायला लागतात. म्हणून ‘एक’ कधी ‘दोन’ करावा लागतो, कधी डोकं वर करूनही थांबावं लागतं. पण सेंटरने डोक्याला झटका दिला तर पंच दंड देऊ शकतात, त्यामुळे हालचाल संथच हवी. चौथं, ‘दोन’ ठरलं होतं आणि एखादा टॅकल ‘एक’ला हलला: फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड जायला चार प्रयत्न, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन) पाच यार्ड हवे होते, आता दहा. आणि स्टेडियम आणखी वर चढतं. एका चुकीने पुढची चूक सोपी होते. लाइनमन पाच यार्डांच्या दंडाला भितो, म्हणून पुढच्या खेळाला जरा थांबून निघतो, आणि तेव्हा सॅक होतो, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला जातो.

टाळीवर स्नॅप मागणाऱ्यांची आणखी एक कटकट: डिफेन्समधला कोणी टाळी वाजवतो. स्नॅपच्या खुणेची नक्कल करून फसवायला नियमाने मनाई आहे, पण लाखभर माणसांत टाळी कोणी वाजवली हे पंचांनी ओळखायचं कसं?

२०२४पासून वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटमध्ये रेडिओ आला. मैदानावरच्या एका खेळाडूला प्रशिक्षकाचा आवाज थेट ऐकू येतो. त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. लोकांना वाटलं, गोंगाटाचा प्रश्न मिटला. तसं झालेलं नाही. रेडिओ प्ले क्लॉकवर (पुढच्या स्नॅपच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो, आणि तो एकाच्याच कानात असतो. खेळाचं नाव क्वार्टरबॅकपर्यंत पोचतं, पण तिथून टॅकलपर्यंतची वाट तशीच बहिरी आहे.

तयारीचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे सराव गोंगाटात करणं. परक्या मैदानावर जाण्याच्या आठवड्यात संघ लाइनच्या मागे मोठे स्पीकर लावतात. पुष्कळजण इथेही चूक करतात: स्पीकर पूर्ण खेळांना लावतात, पण लाइनची वाटणी ठरवण्याचा सराव शांततेत घेतात. मग सामन्यात पाय उचलणं, थाप मारणं बरोबर होतं आणि ब्लिट्झ मात्र मोकळा येतो, कारण ‘तो तुझा’ हे कोणी कोणाला सांगितलंच नाही. आधी वाटणीचा सराव गोंगाटात घ्या, स्नॅपचा नंतर.

आता गाजलेल्या मैदानांबद्दल. ‘सगळ्यात दणदणीत स्टेडियम कुठलं’ या वादात दोन वेगळ्या आवाजांची सरमिसळ होते. एक, स्नॅपच्या आधीचा आवाज, जो काम करतो. दुसरा, खेळ झाल्यानंतरचा जल्लोष. तो कानात वर्षानुवर्षं राहतो, पण त्याने कोणाचा ब्लॉक चुकत नाही.

लुइझियाना स्टेटचा ८ ऑक्टोबर १९८८चा ऑबर्नविरुद्धचा सामना ‘भूकंपाचा सामना’ म्हणून ओळखला जातो. सामना संपत आलेला, ऑबर्न ६-० पुढे, चौथं डाउन. टॉमी हॉडसनने एडी फुलरला ११ यार्डांचा टचडाउन पास टाकला, ७-६. प्रेक्षकांच्या उड्यांची नोंद विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या सीस्मोग्राफवर उमटली. आठवण म्हणून याला तोड नाही. पण लक्षात घ्या, तेव्हा चेंडू घरच्या संघाकडे होता. स्नॅपच्या वेळी जाणते चाहते आवाज खाली घेतात, आणि कागदावर उमटलं ते नंतरचं आहे.

याच्या शेजारी वॉशिंग्टन विद्यापीठाचा १९९२चा नेब्रास्काविरुद्धचा रात्रीचा सामना ठेवा. हस्की स्टेडियमला दोन्ही बाजूंच्या सज्जांवर मोठी छपरं आहेत, ती आवाज परत मैदानात फेकतात. त्या रात्री १३३.६ डेसिबलची नोंद झाली, ती आजही सांगितली जाते. नेब्रास्का आपल्याच गोलरेषेपाशी कोंडलेली. मागच्या फळीतला टॉमी स्मिथ ब्लिट्झ करत आला आणि त्याने क्वार्टरबॅक माइक ग्रँटला एंड झोनमध्येच (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) पाडलं: सेफ्टी, वॉशिंग्टनला दोन गुण. वॉशिंग्टनने सामना २९-१४ जिंकला. कडेने सुटून आलेला माणूस आणि त्याला न अडवलेली लाइन. काम करणारा आवाज असा दिसतो.

तुम्ही गेलात त्या बीव्हरचंही उदाहरण आहे. ८ ऑक्टोबर २००५, ओहायो स्टेटविरुद्ध. पेन स्टेट १७-१० पुढे, ओहायो स्टेटची शेवटची धडपड. कडेचा रशर तांबा हाली टॅकलला चुकवून ट्रॉय स्मिथवर आदळला, चेंडू उडाला, सामना संपला. त्या एका धडकेचं चित्रण पुन्हा पाहाल तेव्हा स्मिथकडे बघू नका. टॅकलचं पहिलं पाऊल आणि हालीचं पहिलं पाऊल एवढंच बघा.

डेसिबलचे आकडे एकमेकांशी ताडू नका. मीटर कुठे धरला, क्षणाचा उच्चांक घेतला की सरासरी, यावर सगळं अवलंबून. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, कानाला मात्र दुप्पटच वाटतं. माणसांच्या संख्येवरूनही अंदाज बांधू नका. मिशिगनमध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात, पण ते जमिनीत खणलेलं उथळ ताट आहे, आवाज वर निघून जायचा. २०१०मध्ये दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्यावर फरक पडला. ऑरेगॉनचं ऑट्झन जेमतेम ५४ हजारांचं, पण प्रेक्षक मैदानाच्या अंगावर बसलेले. पाहुण्या संघांना विचाराल तर ते ऑट्झनलाच जास्त घाबरतात.

आणखी एक तपशील. मैदान एंड झोनसकट १२० यार्ड, म्हणजे ११० मीटर. आवाजाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तिसरा हिस्सा सेकंद लागतो. त्यामुळे तालात म्हटलेली घोषणा मैदानाच्या मध्यावर पोचेपर्यंत विस्कटते आणि तिच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत क्वार्टरबॅक आपला शब्द घुसवू शकतो. काम करते ती अखंड, बेसूर आरोळी. टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी ओरडताना गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकतात. बघायला विचित्र, पण छातीतून आवाज निघायला ती बैठक उपयोगी आहे.

तेव्हा ओरडायचं केव्हा? प्ले क्लॉक ४० सेकंदांचा असतो. लोक टचडाउनच्या आशेने खेळ सुरू झाल्यावर ओरडतात, ते वाया. पाहुणा संघ लाइनवर यायला लागला की चढवा, घड्याळात १५ उरले की पूर्ण, आणि चेंडू हलेपर्यंत श्वास पुरवा. १५च्या आत रेडिओ बंद, आता जे बदलायचं ते क्वार्टरबॅकला हातवाऱ्यांनीच बदलायचंय. तिसरं डाउन आणि पाहुणे स्वतःच्या गोलरेषेजवळ असताना सगळ्यात जास्त. घरचा संघ खेळत असताना गप्प. पहिल्यांदा आलेले पाहुणे हमखास इथे चुकतात आणि मागच्या रांगेतले आजोबा डोळे वटारतात.

कानांचं मात्र बघा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १००ला पंधरा मिनिटंच. सामना साडेतीन तास चालतो. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे पुरतात, पण ते चिमटीत पूर्ण बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचे. नुसते तोंडाशी खोचले तर निम्मा उपयोगही होत नाही. लहान मूल बरोबर असेल तर बोळे नकोत, कानावर बसणारे मोठे मफ घ्या.

आणि खेळ वाचायचा असेल तर चेंडू सोडून गार्डकडे बघा. स्नॅपनंतर त्याचं हेल्मेट खाली राहिलं तर धाव, वर आलं तर पास, तो लाइनमधून निघाला तर धाव आणि बहुतेकदा तो गेला त्याच दिशेला. हल्ली एक भेसळ आली आहे: लाइन धावेचा ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक पास टाकतो. कॉलेजच्या नियमात पास होण्याआधी लाइनमनला तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, व्यावसायिक लीगमध्ये एकच, म्हणून ही युक्ती कॉलेजात जास्त फोफावली. तिथे गार्डही फसवतो. मात्र स्नॅपच्या आधी तो फसवू शकत नाही. पाहुण्या संघाचा गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅककडे बघताना दिसला, की समजा तुमच्या बाजूच्या सज्जाचं काम होतंय.